कंपोनंट स्पीकरसाठी तयार डबे: बेस वाढतो की घटतो?

गाडीच्या दारात चांगला साडेसहा इंची कंपोनंट सेट बसतो, म्हणजे उंच सुरांचा ट्वीटर आणि खालच्या सुरांचा वूफर वेगवेगळे असलेला. ट्वीटर लखलखीत वाजतो, गायकाचा आवाज समोर उभा राहतो आणि ड्रमचा ठोका मात्र पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा येतो. या तक्रारीवर ॲक्सेसरीवाल्याकडे उत्तर तयार असतं: स्पीकरच्या मागे डबा लावा. मग समोर येतात मऊ फोमच्या वाट्या, प्लास्टिकचे पॉड, एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) छोटे खोके आणि पायाजवळ बसणारे फायबरचे किक पॅनल. या चारही प्रकारांचा हा आढावा आहे. पाचवा प्रकार सहसा कोणी विकत नाही, कारण तो गाडीसोबतच आलेला असतो. तो म्हणजे दार.

निकाल आधीच सांगून टाकू. चारपैकी फोमची वाटी आणि लहान प्लास्टिक पॉड, आहे तसे लावले तर, बेस कमी करतात. एमडीएफ आणि फायबरचे डबे उत्तम वाजू शकतात, पण स्पीकरचे आकडे त्यांना जुळणारे असले तरच. बहुतेकांच्या स्पीकरला सगळ्यात जास्त बेस देतं ते नीट बंद केलेलं दार.

हे असं का, ते आकड्यांतच दिसतं. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा, पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या की कटतात, आणि वारंवारता जितकी खालची तितक्या जास्त कटतात. म्हणून स्पीकर हातात धरून वाजवला तर बेस नसतोच. डबा मागची लहर अडवतो, हा त्याचा फायदा. पण अडवलेली हवा कोनच्या मागे स्प्रिंगसारखी बसते आणि कोनला खालच्या सुरांपर्यंत जाऊ देत नाही. डबा लहान तितकी ही स्प्रिंग कडक. जाहिरातीत पहिली बाजू सांगतात, दुसरी गाळतात.

हवेच्या या स्प्रिंगचा मुद्दाम उपयोग १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी केला. अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ हा स्पीकर त्यातून आला. लहान डब्यातून खोल बेस निघाला, कारण आतला वूफर त्या डब्यासाठीच बनवला होता: सस्पेन्शन, म्हणजे कोनला धरून ठेवणारी लवचीक कड, फार मऊ, बाकीचं काम हवेवर सोडलेलं. गाडीच्या दारासाठी बनवलेला कंपोनंट वूफर साधारण उलट्या हिशेबाने बनतो. मागे मोठी, थोडी गळकी पोकळी असेल असं धरून त्याचं सस्पेन्शन आधीच ताठ ठेवलेलं असतं. त्याला लहान डब्यात कोंबलं की ताठावर ताठ.

पुढे थील आणि स्मॉल यांनी हे सगळं गणितात बसवलं, आणि आज प्रत्येक बऱ्या स्पीकरच्या कागदावर त्यांच्या नावाचे आकडे असतात. आपल्याला तीनच पुरतात. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत कोन ज्या वारंवारतेला आपणहून डोलतो ती. क्यूटीएस म्हणजे तो डोल किती आवरलेला आहे ते. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. व्हीएएस म्हणजे कोनच्या सस्पेन्शनइतकीच स्प्रिंग किती लिटर हवेत असते ते. सूत्र एकच: व्हीएएसला डब्याच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्याने एफएस आणि क्यूटीएस दोघांना गुणा. पहिला गुणाकार डब्यातली नवी अनुनाद वारंवारता देतो, दुसरा डब्यातला नवा क्यू, म्हणजे क्यूटीसी.

आता दारासाठी बनलेल्या स्पीकरचा नमुना घेऊ: एफएस ६५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.६०, व्हीएएस १० लिटर. दाराची पोकळी ३० लिटर धरली आणि ती नीट बंद असली, तर अनुनाद ७५ हर्ट्झवर आणि क्यूटीसी ०.६९. हे जवळजवळ आदर्श आहे, कारण ०.७ला प्रतिसाद सपाट राहतो. तोच स्पीकर ५ लिटरच्या डब्यात: ११३ हर्ट्झ, १.०४. दोन लिटरच्या पॉडमध्ये: १५९ हर्ट्झ, १.४७. एक लिटरच्या वाटीत, वाटीची भिंत ताठ आहे असं धरलं तर: २१६ हर्ट्झ आणि क्यूटीसी दोनच्या घरात.

या आकड्यांचा कानाला येणारा अर्थ असा. अनुनादाच्या खाली आवाज दर ऑक्टेव्हला १२ डेसिबलने उतरतो. त्यामुळे ६० हर्ट्झवर दोन लिटरचा पॉड दारापेक्षा साधारण १० डेसिबल मागे पडतो. १० डेसिबल भरून काढायला दहापट वॅट लागतात, म्हणजे इक्वलायझरने तो खड्डा बुजवण्याचा विचार सोडून द्यावा. वर १५९ हर्ट्झच्या आसपास जवळपास ४ डेसिबलचा फुगवटा येतो. शोरूममध्ये हाच फुगवटा ‘पंच वाढला’ म्हणून ऐकवतात. दोन गाण्यांनंतर लक्षात येतं की प्रत्येक गाण्यात एकच सूर घुमतोय आणि पुरुषाचा आवाज रांजणातून आल्यासारखा वाटतोय.

फोमची वाटी

काळ्या, बंद पेशींच्या फोमची, साडेसहा इंची मापाची ही वाटी स्पीकर आणि दाराच्या पत्र्यामध्ये बसते. आतली जागा फार तर एक-दीड लिटर. पाण्यापासून संरक्षण हे तिचं खरं काम, आणि ते ती चोख करते. काच खाली सरकताना आत झिरपणारं पाणी मॅग्नेटवर आणि टर्मिनलवर पडत नाही. कडेची ओठासारखी पट्टी गॅसकेटचंही काम करते.

बेससाठी मात्र ती जशी येते तशी लावू नये. भिंत मऊ असल्याने वरच्या गणिताइतका अनर्थ होत नाही, पण मिडबेस, म्हणजे बेसचा वरचा, ठोक्याचा भाग, आवळला जातो हे नक्की. उपाय सोपा आहे. वाटीचा खालचा अर्धा भाग आणि मागचा तळ कापून टाका, वरचा अर्धा छज्जासारखा ठेवा. पाणी वरूनच येतं, ते अडतं. कोनला दाराची सगळी हवा मिळते. कापताना मॅग्नेटच्या मागे निदान दोन सेंटिमीटर मोकळी जागा सुटली पाहिजे, विशेषतः मागच्या बाजूने हवा घेणारं भोक असलेल्या स्पीकरला. ते भोक फोमने दाबलं गेलं की कॉइल तापते आणि जोरात वाजवताना फुसफुस ऐकू येते. छज्जा म्हणून घेत असाल तर वस्तू चांगली. बेससाठी घेऊ नका.

प्लास्टिकचे पॉड

दाराच्या ट्रिमवर, म्हणजे आतल्या आवरणावर, बाहेरून चिकटणारे, दोन ते तीन लिटरचे, पातळ एबीएसचे साचेबंद पॉड. दिसायला नीटनेटके असतात आणि बसवायला अर्धा तास पुरतो. दोष दोन. पहिला लिटरचा, तो वर आलाच. दुसरा भिंतीचा. अडीच-तीन मिलिमीटर प्लास्टिक १५० ते ३०० हर्ट्झमध्ये स्वतःच वाजायला लागतं. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. टणक, लगेच मरणारा आवाज आला तर ठीक. ढबढब आली तर संगीतातही तीच येणार. आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट दोन थर लावली की ढबढब बरीच मरते, पण आधीच कमी असलेली जागा आणखी घटते.

याला अपवाद एक. साडेतीन-चार इंची मिडरेंज (मधल्या सुरांचा स्पीकर), जो २०० हर्ट्झच्या वरच वाजवायचा आहे, त्याला असे पॉड छान. तिथे लहान डबा हा दोष राहत नाही. साडेसहा इंचीला नको.

एमडीएफचे खोके

इथून पुढे गोष्ट गंभीर होते, कारण आता लिटर आपल्या हातात येतात. दाराच्या खालच्या कप्प्याची जागा किंवा सीटखालची जागा वापरून ४ ते १० लिटर निघू शकतात. कोणता स्पीकर इथे चालेल हे ठरवायला आणखी एक झटपट भागाकार आहे: एफएसला क्यूईएसने, म्हणजे त्याच कागदावरच्या विद्युत क्यूने, भागा. उत्तर ५०च्या खाली आलं तर बंद डबाच. १००च्या वर आलं तर नळीचा, म्हणजे पोर्टेड डबा. मधल्यांना दोन्ही चालतं.

डब्याला मानवणारा नमुना घेऊ: एफएस ६०, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस ८ लिटर. चार लिटरच्या बंद डब्यात अनुनाद १०४ हर्ट्झ, क्यूटीसी ०.६९. ठोका कोरडा, चटकन थांबणारा, ऐकायला फार सुखद. पण खोली नाही. ६० हर्ट्झवर तो १० डेसिबल खालीच आहे. डिकीत सबवूफर असेल तर हे लग्न उत्तम जमतं. सबवूफर नसेल तर याच स्पीकरला साडेआठ लिटरचा पोर्टेड डबा द्यावा, ५८ हर्ट्झवर ट्यून केलेला. त्यासाठी ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाची आणि साधारण १७ सेंटिमीटर लांबीची नळी लागते. मग प्रतिसाद ६० हर्ट्झच्या थोडा खालीपर्यंत टिकतो, जे दारालाही सहसा जमत नाही. नळीचं आतलं टोक आणि समोरची भिंत यांत निदान नळीच्या व्यासाइतकं अंतर ठेवा आणि दोन्ही तोंडं गोलाकार पसरवा, नाहीतर मोठ्या आवाजात वारा सुटल्यासारखी फसफस येते.

पोर्टेडची किंमत अशी की ट्यूनिंगच्या खाली कोनच्या मागचा आधारच निघून जातो. ४० हर्ट्झचा सूर आला की कोन मोकाट हलतो आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटते. म्हणून ५० हर्ट्झला २४ डेसिबलचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा, सक्तीचा. तो लावायची सोय ॲम्प्लिफायरमध्ये किंवा हेड युनिटमध्ये (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टममध्ये) नसेल तर पोर्टेडच्या वाटेला जाऊ नका. वर घेतलेला पहिला, ०.६० क्यूटीएसचा स्पीकर तर पोर्टेडमध्ये घालूच नये. तो नुसता घुमेल.

लिटर मोजताना निव्वळ जागा धरायची असते. साडेसहा इंचीचा मॅग्नेट आणि बास्केट साधारण अर्धा लिटर खातात, वरची नळी जवळपास ४०० मिलिलिटर, आतल्या आडव्या पट्ट्या वेगळ्या. म्हणजे साडेआठ हवे असतील तर खोका साडेनऊचा बांधा. पॉलिएस्टरची भरण, लिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास, पिंजून सैल भरली तर बंद डबा दहा ते वीस टक्के मोठा असल्यासारखा वागतो. ठासून भरली तर उलट जागाच कमी होते. पोर्टेडमध्ये फक्त भिंतींना पातळ अस्तर, नळीचं तोंड मोकळं.

एमडीएफ १८ मिलिमीटरचा घ्यावा. लहान खोक्याला १२ चालतो असं सांगतात, आणि भिंती लहान असतील तर चालतोही, पण स्पीकरची पुढची फळी तरी १८चीच हवी. चार मिलिमीटरच्या स्क्रूला आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर कडेचा एमडीएफ पुस्तकाच्या पानांसारखा उकलतो. स्क्रू दर १० सेंटिमीटरवर, सांध्यात लाकडाचा गोंद भरपूर. हवाबंदपणा गोंदाने येतो, स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत फळ्या धरून ठेवतात. सांधा आतून सीलंटने भरताना व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन टाळा. त्यातून वाळताना ॲसेटिक ॲसिड निघतं आणि ते तांब्याला, टर्मिनलला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या आणि स्पीकर बसवायच्या आधी पूर्ण एक दिवस वाळू द्या. खोका दारात जाणार असेल तर एमडीएफ वापरूच नका. ओल लागली की तो पावासारखा फुगतो. तिथे मरीन प्लाय.

फायबरचे किक पॅनल आणि दाराचे पॉड

पाचांपैकी सगळ्यात मेहनतीचा आणि चांगला बनला तर सगळ्यात देखणा प्रकार. किक पॅनलमध्ये दोन्ही स्पीकरचं कानापासूनचं अंतर जास्त सारखं होतं, त्यामुळे आवाज डॅशबोर्डवर नीट मांडला जातो. बेसचा हिशेब मात्र तोच: लिटर. बहुतेक गाड्यांत तिथे ३ ते ५ लिटरच निघतात. म्हणजे ०.४०च्या आसपासच्या क्यूटीएसचा स्पीकर आणि सोबत सबवूफर, हे गृहीत धरूनच या खर्चात पडावं. पाय ठेवायची जागा, क्लच आणि ब्रेकची पूर्ण चाल, बॉनेट उघडायची खिट्टी, फ्यूज बॉक्स आणि आतल्या वायरिंगचे जुडगे या सगळ्यांतून उरेल ती जागा आपली.

तयार मिळणारा फायबर डबा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. स्पीकरच्या भोकातून हात घालून भिंतीची जाडी चाचपा. ५ मिलिमीटरच्या खाली असेल तर नको. आत मॅट दिसते की नुसतं कडक झालेलं कापड, ते पाहा. वरून चकचकीत रंग आणि आतून रेझिन पाजलेलं एकच कापड, ही या धंद्यातली नेहमीची चलाखी. तिसरं म्हणजे स्पीकरची रिंग. ती फायबरमध्ये गुंतवलेली हवी, वरून पुट्टीने चिकटवलेली नाही. पुट्टीचा सांधा कंपनांनी काही महिन्यांत सुटतो आणि तिथूनच शिट्टी सुरू होते.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी क्रम असा. गाडीतल्या जागेवर मास्किंग टेपचे दोन थर, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर मेण. आजूबाजूचा सगळा भाग प्लास्टिकने झाका. कार्पेटवर पडलेलं रेझिन निघत नाही. ४५० ग्रॅमची चॉप्ड स्ट्रँड मॅट तळहाताएवढी फाडून घ्या. कापू नका, फाडलेल्या कडा एकमेकींत मिसळतात. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट पॉलिएस्टर रेझिन लागतं. हार्डनर एक ते दोन टक्के. किलोला १५ मिलिलिटर हा बरा मध्य. एका वेळी पाव किलोच कालवा, पंधरा-वीस मिनिटांत ते धरायला लागतं, आणि भांड्यात जास्त रेझिन असेल तर ते आपल्याच उष्णतेने धुमसतं. ब्रशने थापत हवेचे बुडबुडे काढायचे. पांढुरका ठिपका दिसला की तिथे हवा अडकली आहे असं समजा.

तीन थर गाडीतच द्या, वाळल्यावर साचा उचला, मग बाहेर आणखी दोन-तीन. नंतर रिंग हव्या त्या कोनात काड्यांवर उभी करून तिच्यावरून फ्लीस कापड ताणून स्टेपल करा, कापडाला रेझिन पाजा. इथे बहुतेकजण थांबतात आणि इथेच चूक होते. कापडाचा तो भाग कितीही कडक वाटला तरी बेसला पापडासारखा थरथरतो. आतून दोन-तीन थर मॅट लावल्याशिवाय तो डबा नव्हे. मग पुट्टी, ८० नंबरचा पॉलिश पेपर, पुढे १२० आणि १८०.

थर्माकोलचा साचा पॉलिएस्टर रेझिनखाली वापरू नका. रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. वाफेसाठी साधा कापडी मास्क कुचकामी आहे, कार्बन काडतुसांचा हवा. घासताना उडणारी काचेची भुकटी त्वचेत रुतते, म्हणून पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला. आणि एक गोष्ट जिवाशी आहे: कोबाल्टचं ॲक्सिलरेटर वेगळ्या बाटलीत आलं असेल तर ते आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होऊ शकतो. आधी ॲक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर.

तयार डब्याचे लिटर मोजायला सूत्र नाही. थर्माकोलचे मणी भोकातून काठोकाठ भरा, मग मोजपात्रात ओता. कमी भरले तर स्पीकरचे आकडे घेऊन पुन्हा गुणाकार करा, अंदाजाने रेटू नका.

दार

आता तो पाचवा डबा. बहुतेक दारांत आतल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी दोन-तीन भोकं असतात आणि त्यांवर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. मागची लहर या भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लहरीला कापते. म्हणजे दारात बेस तयार होतो आणि दारातच मरतो. हे भगदाड बुजवलं की जो फरक पडतो तो बाजारातल्या कुठल्याही पॉडने पडत नाही.

ट्रिम काढा, प्लास्टिक आणि त्याचा चिकट डिंक पूर्ण साफ करा. बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तिथे दोन मिलिमीटरची ब्युटाइल शीट, वर ॲल्युमिनियमचा थर असलेली, रोलरने दाबून लावा. पृष्ठावरची नक्षी सपाट होईपर्यंत दाब हवा. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर तीस-चाळीस टक्के झाकलं तरी पत्र्याचा टणत्कार मरतो. स्पीकरच्या बरोबर मागे एक तुकडा नक्की. डांबराची स्वस्त शीट नको, उन्हात ती घसरते आणि गाडीत वास मारते.

मग आतला पत्रा. मोठ्या भोकांवर दीड-दोन मिलिमीटरचे ॲल्युमिनियम पत्रे कापून स्क्रूने बसवा, कडेला ब्युटाइलची दोरी, आणि वरून शीट. पत्रा न लावता नुसती शीट भोकावर ताणली तर ती पडद्यासारखी हलते आणि काम अर्धंच होतं. रिव्हेट मारू नका. काचेची मोटर कधीतरी बिघडणारच, तेव्हा पत्रा उघडता आला पाहिजे. एका दाराला दोन्ही पत्रे मिळून साधारण एक चौरस मीटर शीट पुरते.

स्पीकरखालची रिंग हा दुर्लक्षित पण निर्णायक भाग. गाडीसोबतचा प्लास्टिकचा साचा काढून एचडीपीई (टणक प्लास्टिक), मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियमची रिंग घ्या. रिंग आणि पत्रा यांत बंद पेशींचं फोम गॅसकेट, रिंग आणि स्पीकर यांतही. जाडी ठरवताना काच पूर्ण खाली करून मोजा. मॅग्नेट आणि काच यांत एक सेंटिमीटर तरी राहिला पाहिजे. शेवटी स्पीकरच्या तोंडाभोवती फोमची वर्तुळाकार पट्टी, इतक्या उंचीची की ट्रिम बसल्यावर ती किंचित दबेल. नाहीतर पुढची लहर ट्रिमच्या मागच्या पोकळीत शिरते आणि जाळीतून निम्मीच बाहेर येते. या पट्टीइतका कमी खर्चात जास्त फरक पाडणारा दुसरा भाग या सगळ्या सामानात नाही.

दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नका. ती लहान असतात, त्यातून बेस फारसा जात नाही, आणि ती बंद झाली तर दार गंजतं. कुलपाच्या सळ्या, काचेचा रूळ यांना शीट लागता कामा नये. आणखी एक, जे फिटर विसरतात: काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. अशा दाराच्या आतल्या पत्र्याची रचना बदलणं म्हणजे त्या सेन्सरच्या हिशेबात ढवळाढवळ. गाडीच्या पुस्तिकेत पाहा. सेन्सर असेल तर भोकं बुजवायचा किंवा नवी पाडायचा विचार सोडा आणि रिंग, गॅसकेट, पट्टी एवढ्यावर थांबा.

डब्याचे पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

बेस गायब असण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे एका बाजूच्या तारा उलट लागलेल्या असणं. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे ट्वीटर आणि वूफरला सूर वाटून देणाऱ्या, खोक्यापासून तार सोडवा, दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर टेकवा. धनाला धन लावल्यावर दोन्ही बाजूंचे कोन बाहेर यायला हवेत. एक आत गेला तर डबा नको, तार फिरवा. दुसरं कारण वॅट. ॲम्प्लिफायरशिवाय नुसत्या हेड युनिटवर, खोक्यावर ५० लिहिलं असलं तरी, चॅनलमागे पंधरा-वीस वॅटच खरे मिळतात.

कंपोनंटचा हाय-पास फिल्टर: सबवूफर असेल तर ८० हर्ट्झ. इथे बंद डब्याची एक गंमत आहे. डब्याचा अनुनाद ८० हर्ट्झच्या आसपास आणि क्यूटीसी ०.७ असेल, तर डबा स्वतःच १२ डेसिबलचा उतार देतो. त्यावर १२ डेसिबलचाच बटरवर्थ (सपाट प्रतिसादाचा) हाय-पास ८०ला लावला की दोन्ही मिळून २४ डेसिबलचा, लिंकविट्झ-रायली नावाचा उतार होतो आणि सबवूफरच्या २४ डेसिबल लो-पासशी (वरचे सूर अडवणाऱ्या फिल्टरशी) तो नेटका जुळतो. तिथे २४चा लावला तर एकूण ३६ होतो आणि जोडाशी खड्डा पडतो, मग लोक सबवूफरला दोष देतात. सबवूफर नसेल तर बंद दाराला ५० ते ६० हर्ट्झ, १२ डेसिबल. एक ऑक्टेव्ह खाली तेवढाच आवाज काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, म्हणून फिल्टर पूर्ण काढून बेस वाढवणं म्हणजे स्पीकरचं आयुष्य कमी करणं.

काम झाल्यावर गळती तपासा. बंद डब्यात कोन दोन्ही हातांनी, कडेने सारखा दाब देत, हळूच आत ढकला आणि सोडा. तो सावकाश परत आला पाहिजे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे. साबणाचं पाणी सांध्यांवर लावून ४० हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात वाजवा, बुडबुडे जागा दाखवतील. दाराला ही कसोटी लागू नाही, ते कधीच पूर्ण हवाबंद होत नाही. तिथे ४०, ५०, ६३, ८०, १०० आणि १२५ हर्ट्झचे सूर एकेक वाजवत ट्रिमवर तळहात फिरवा. जिथे हात ठेवल्यावर खडखड थांबते तिथली क्लिप सैल आहे किंवा आतली तार पत्र्यावर आपटते आहे. क्लिपखाली फेल्टचा तुकडा, तारेला कापडी टेप. काचा खाली आणि वर, दोन्ही स्थितींत ही फेरी करा. काच वर असताना गप्प बसलेली सळी काच खाली गेल्यावर वाजायला लागते.